अकरा कच्चे दाणे

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या वसाहतीच्या सायकल-शेडमध्ये ऐंशी-नव्वद माणसं जमली होती. पुढच्या रांगेत बाराजण मांडीवर प्लास्टिकच्या बादल्या घेऊन ओकारीची वाट पाहत बसले होते. निवृत्त बँक मॅनेजर ओकले तेव्हा टाळ्या पडल्या. त्यांच्या बायकोने समाधानाने डोळे पुसले. मी घड्याळ आणि वही घेऊन कडेला उभा होतो. वहीत लिहिलं: एक तास पन्नास मिनिटं.

"बघा," हे शिबिर घेणारे आणि राजमा विकणारे बीजगुरू म्हणाले. "तीस वर्षं तुम्ही पोटात फवारणी साठवलीत. माझा राजमा सेंद्रिय. त्याला औषध माहीत नाही, खत माहीत नाही. तो आत जातो, विष ओळखतो आणि हाताला धरून बाहेर काढतो. फक्त त्याला विस्तव दाखवू नका. शिजवला की दाणा मेला. मेलेला दाणा तुम्हाला काय जगवणार?"

रात्रभर भिजवलेले अकरा दाणे, सकाळी उपाशीपोटी, कच्चे चावून खायचे. दोन तासांत विष बाहेर. शरीर मुळातच शुद्ध असेल तर मात्र काहीच होत नाही, असंही ते सांगत.

या माणसाला जटा असत्या, गळ्यात माळा असत्या, तर मी त्याला पहिल्याच दिवशी उघडं पाडलं असतं. बुवाबाजीवर मी ऑफिसात दोनदा भाषण दिलेलं आहे. पण याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि राजम्याच्या पिशवीवर हिरव्या शाईत प्रमाणपत्र छापलेलं होतं. माझं काम वजनकाटे तपासण्याचं. दुकानाचा काटा दोन ग्रॅमने चुकला तर मी सील ठोकतो. छापील कागद दिसला की मात्र माझी मान आपोआप डोलते.

मी वीस किलो राजमा घेतला. साठवायचा कसा तेही गुरूंनीच सांगितलं होतं: किडीची गोळी घालायची नाही, राख चोळून ठेवायचा. मी रविवारची दुपार खर्चून वीस किलो दाण्यांना राख चोळली आणि ते पलंगाच्या पेटीत भरले.

"तुम्ही पण चोळून घ्या थोडी," बायको म्हणाली. "शोभेल."

तिने एकही दाणा तोंडात घातला नाही. आई आणि मावशी मात्र माझ्या हातात आयत्या सापडल्या. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी बेजार. मावशी तिची धाकटी बहीण, आमच्याच घरी राहणारी. मी तक्ता आखला: नाव, दाणे, वेळ, परिणाम. मी ओकलो, आई ओकली, शेडमधले सगळे ओकले. शंभर टक्के गुण. फक्त मावशीपुढे तीन आठवडे शून्य. मी तिथे लिहिलं, "शरीर मुळातच शुद्ध." गुरूंनी तिला शेडमध्ये वेगळी खुर्ची दिली आणि बायका तिच्या शेजारी बसायला धडपडू लागल्या.

चौथ्या आठवड्यात सोमवारी आईची उलटी थांबेना. बारापर्यंत तिची जीभ कोरडी पडली, डोळे आत गेले. मी गुरूंना फोन लावला.

"उत्तम," ते म्हणाले. "जुनं विष आहे, निघू द्या. पाणी देऊ नका."

आणि मी अर्धा तास दिलं नाही. ही गोष्ट मी हसत सांगतोय खरी, पण त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते. शेवटी बायकोने मला बाजूला ढकललं आणि गाडी बोलावली.

दवाखान्यात आईला सलाईन लावून डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" मी तक्ता पुढे केला. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच.

त्यांनी तो दोनदा वाचला. "तक्ता चांगला ठेवलाय. या मावशींना काहीच कसं झालं नाही?"

"ती शुद्ध आहे," मी म्हणालो.

बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. "त्यांना बोलवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मावशी आली आणि तिने आढेवेढे घेतले नाहीत. "कवळीने कच्चा राजमा कोण चावणार? माझे अकरा मी गुपचूप कुकरला लावायचे. मीठ घालून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"खुर्ची दिली होती रे त्यांनी."

डॉक्टरबाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. "कच्च्या राजम्यात त्याचं स्वतःचंच विष असतं. चार-पाच दाणेही पुरतात. फवारणी करा, नाहीतर सेंद्रिय पिकवा, ते असतंच. भिजवून, ते पाणी फेकून, दहा मिनिटं खळखळून उकळला की जातं. नुसता कोमट ठेवलात तर आणखी बाधतो. यांच्या पोटातून जुनं काही निघालं नाही. सकाळी तुम्ही घातलंत तेवढंच बाहेर आलं."

उत्तर महिनाभर माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होतं. जो आकडा बसत नव्हता त्याला मी साध्वी करून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी मी शेडमध्ये दोन वाट्या नेल्या, दोन्हींत गुरूंचाच राजमा. उकडलेला मी, मावशी आणि बँक मॅनेजरांनी खाल्ला आणि बादल्या घेऊन दोन तास बसलो. कुणालाही काही झालं नाही. मग कच्च्याची वाटी मी गुरूंपुढे धरली.

"शुद्ध माणसाला बाधत नाही म्हणता. तुमच्याइतकं शुद्ध इथे कोण आहे?"

"ज्याला गरज त्याने घ्यायचं," ते म्हणाले.

"बाधणार तर नाही. अकरा नको, तीन घ्या."

त्यांनी वाटीकडे पाहिलं, लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना एकाएकी दुसऱ्या गावच्या शिबिराची आठवण झाली. ते गेले, तरी मागून दोघांनी मला विचारलंच की, नवीन पिशव्या कधी येणार.

आई घरी आली त्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला पहिल्याच खेपेला कळलं होतं, हे बाधतंय. पण तू एवढं लिहून ठेवत होतास. म्हटलं, बघितलं असशील."

मी लिहिलं होतं, बघितलं नव्हतं. म्हणून सांगतो. राजमा सेंद्रिय घ्या किंवा साधा घ्या, पण नीट उकळून खा. त्रास होतोय म्हणजेच गुण येतोय, असं कुणी म्हणालं तर ज्याला त्रास झाला नाही त्याने काय वेगळं केलं ते आधी विचारा. आणि हे सगळं घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातावर दाणे ठेवण्याआधी विचारा. ती माणसं आपल्याला काही विचारत नाहीत, आपण दिलंय म्हणून गिळतात.