कीबोर्डातलं कुंकू

ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबत एअर कंडिशनर आला, खिडक्यांना जाड पडदे आले आणि दाराशी 'चपला बाहेर काढा' अशी पाटी आली. साहेबांच्या खोलीत तोच जुना कुरकुरणारा पंखा राहिला. परभणीच्या उन्हाळ्यात साहेब घामाघूम आणि मशीन मात्र गारेगार, यावर लोक लय हसले.

काम साधंच होतं. मोंढ्यातले धान्याचे बाजारभाव पुण्याच्या कार्यालयाला कळवायचे. पूर्वी त्यासाठी ट्रंक कॉल लावून घसा फोडावा लागे. आता स्क्रीनवर लिहिलं की तिकडे दिसायचं आणि तिकडचं उत्तर खालच्या अर्ध्या भागात उमटायचं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावी लागे, एवढीच कटकट. ऑफिसात या प्रोग्रॅमला सगळे 'गप्पा' म्हणत.

गप्पा चालवणं येत होतं फक्त टायपिस्ट अंबिकाला. पुण्याला राहून ती ते शिकून आली होती आणि हे कुणाला विसरू देत नव्हती. "तिथं कप ठेवू नका," "हात धुतलेत का?" असं ती जुन्या जुन्या कारकुनांना बिनदिक्कत विचारायची. 'मॅडम' म्हटलं की तिची मान अंमळ ताठ व्हायची. त्यात वाईट काही नाही. झरीसारख्या गावात सून म्हणून आलेल्या बाईला कुणी मॅडम म्हणावं, हे काही रोज घडत नव्हतं.

पण दसरा झाला आणि गप्पा बंद पडायला लागल्या. दोन ओळी लिहाव्यात, की स्क्रीन कोरी. परत चालू करावं, परत कोरी. पुण्याचा इंजिनियर यायला निघाला, तर विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला. तो औरंगाबादहूनच माघारी फिरला. शेवटी एका सकाळी हेडक्लार्क व्यंकटराव मशीनच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, साहेब म्हणतात, आज दुपारपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर मशीन नांदेडला देऊन टाकू आणि तुम्हाला परत टायपिंगला घेऊ."

ते हे इतक्या गोडीनं बोलले की अंबिकाला रडूच यायला लागलं. टायपिंगला म्हणजे कोपऱ्यातलं ते टेबल, त्याच जुन्या फायली, आणि मागून ऐकू येणारं "पुण्याला जाऊन आल्या म्हणे". सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. डबासुद्धा ती घरी विसरून आली होती.

फोनवरून इंजिनियर म्हणाला, "सगळं करून झालंय ना? मग कीबोर्ड एकदा उलटा करून झटका तरी."

तिनं झटकला. टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर लाल भुकटी पडली.

अंबिका त्या लाल रंगाकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं आणि कानशिलं तापली. खंडेनवमीला ऑफिसात पूजा होती. जीप, कपाटं, टाइपरायटर, सगळ्यांना हार घातले होते. "कॉम्प्युटरला कुंकू लावायचं नाही," असं तिनंच सगळ्यांना बजावलं होतं. ती अंगणात प्रसाद वाटून परत आली तर पूजेला आलेली सासू, कस्तुराबाई, मशीनपुढे डोळे मिटून हात जोडून उभी. कीबोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट ओढलेलं, वर नारळाचं पाणी शिंपडलेलं. अंबिकानं कुणी बघायच्या आत रुमालानं पुसून घेतलं आणि गप्प बसली. वरचं पुसलं; आत गेलं ते तसंच राहिलं.

डाव्या कोपऱ्यातली ती कळ नेमकी प्रोग्रॅममधून बाहेर पडायची होती. अंबिकानं केसातली पिन काढून ती अलगद उचलली. खाली कुंकू आणि नारळपाणी वाळून चिकट लगदा झाला होता. लिहिताना हात लागून कळ जराशी दबली की दबलेलीच राहायची आणि मशीन बिचारं हुकूम पाळत राहायचं. तिनं प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणि कापूस घेतला, लगदा पुसून काढला, कळ परत बसवली.

गप्पा सुरू झाल्या. दोन ओळी झाल्या, पाच झाल्या, सगळ्या धान्यांचे भाव गेले. स्क्रीन कोरी झाली नाही. पुण्यानं लिहिलं, "शाब्बास! काय निघालं?"

त्या आनंदात, त्या तोऱ्यात तिनं लिहून टाकलं, "कीबोर्डात कुंकू. एका अडाणी बाईने पूजा केली होती."

लिहिताना तिला काहीच वाटलं नाही. पुण्याच्या माणसाशी आपण पुण्याच्या माणसासारखं बोललो, एवढंच वाटलं.

तेवढ्यात दारात कस्तुराबाई. हातात डबा, पायातल्या चपला पाटीच्याही आधीच काढलेल्या. मागे व्यंकटराव होते.

"न खाता आलीस, माय," कस्तुराबाई म्हणाल्या. "मह्या जिवाला घोर. झाली का मशीन नीट?"

"झाली, आत्याबाई."

"देव पावला!" त्यांनी स्क्रीनकडे कौतुकानं पाहिलं आणि व्यंकटरावांकडे वळल्या. "साहेब, मह्या सुनंनं पुन्याला काय कळवलं, जरा वाचून दाखवा की."

"राहू द्या ना, आत्याबाई," अंबिका घाईनं म्हणाली. पण व्यंकटराव चष्मा लावून पुढे झालेच होते. इंग्रजी अक्षरांतली मराठी ते बोट ठेवून, जोडून जोडून वाचत.

"की-बोर्डात... कुंकू. एका... अ-डा-णी बाईने... पूजा केली होती." ते खो खो हसले. "अरे वा! कोण हो ही?"

अंबिकानं मान वर केली नाही. तिला पुण्याचं प्रशिक्षण आठवत होतं. "सुनंला एकटं धाडतेत व्हय कुनी?" असं सगळं झरी म्हणत होतं, तेव्हा याच बाईनं अंगावर पिणारी तान्ही मुलगी आपल्या मांडीवर घेतली होती. "जा तू. पोरगी मी सांभाळते," एवढंच म्हणाली होती. लाज कशी असते ते अंबिकाला आत्ता कळलं.

खाली पुण्याचं उमटलं. व्यंकटरावांनी तेही वाचलं. "ते पण हेच विचारतायत. कोण बाई? ओळखीची?"

कस्तुराबाईंनी डबा टेबलावर ठेवला नाही. खाली जमिनीवर, मशीनपासून लांब ठेवला.

"असंल कुनी रिकामी," त्या हळूच म्हणाल्या. "लिही, अंबिका. वळखीची न्हाई म्हनून लिही."

ते ऐकून अंबिकाला राहवलं नाही. तिनं भराभर लिहिलं. व्यंकटरावांनी सवयीनं वाचलं, "मा-झी... सा-सू..." आणि थांबले.

खरं लिहिलं की मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण कस्तुराबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तोंडच दिसेनासं झालं. स्वतःची लाज अंबिकानं त्यांच्या अंगावर टाकली होती, तीही परक्या माणसासमोर. व्यंकटराव चष्मा पुसत बसले.

पुण्याचं उत्तर आलं. "हा हा हा. सासूबाईंना म्हणावं, पुढच्या वर्षी फक्त सायकलची पूजा करा."

"काय म्हनलं पुनं?" पदराआडून आवाज आला. "मह्या हातून चुकलं, त्यायला सांग. तुह्यावर राग काढू नका म्हनाव."

व्यंकटरावांनी अंबिकाकडे पाहिलं. वाचलं नाही.

"ते म्हणाले," अंबिकानं सांगितलं, "सासूबाईंना नमस्कार सांगा."

कस्तुराबाई उंबऱ्याबाहेर गेल्या. मशीनला आपला वारासुद्धा लागू नये इतक्या लांब उभ्या राहिल्या. मग पदर सारखा करून त्यांनी स्क्रीनकडे बघत दोन्ही हात जोडले आणि पुण्याला उलट नमस्कार केला.

स्क्रीनवर 'हा हा हा' तसंच होतं. गप्पा आता बंद पडत नव्हत्या.