अडीचच्या आत

मुंबईच्या कॉलेजातली सीट भारतातल्या पाच वाजेपर्यंत पक्की करायची होती, म्हणजे इथे कतारमध्ये, आमच्या दोहाला अडीचपर्यंत. आणि पावणेदोन झाले तरी माझी लेक अंतरा लॅपटॉपसमोर नखं खात बसलेली. एका खिडकीत मुंबईचं बीबीए, दुसरीत इथेच शाखा असलेल्या एका परदेशी विद्यापीठाचा बिझनेसचा कोर्स. दोन्हीकडे हजारोंतून निवड झालेली. लोक एका सीटसाठी नवस बोलतात. आमच्याकडे दोन होत्या म्हणून तीन दिवस कोणी धड जेवलं नव्हतं.

माझा नवरा देवव्रत रास लफानच्या गॅस प्लांटला ड्यूटीवर. प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. जाताना म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, मला काहीही चालेल." सोफा घेतानाही हेच म्हणाला होता, आणि मग वर्षभर कुरकुरला.

मला मात्र काहीही चालणार नव्हतं. मला ती इथेच हवी होती, संध्याकाळी दार उघडून "व्हॉट्स फॉर डिनर?" विचारणारी. पण अशी आई मुलीच्या पायात बेडी घालते म्हणतात, म्हणून मी तीन दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं.

दोन वाजता अंतरा एकदम म्हणाली, "आई, मुंबई. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही झालं तर? आय कान्ट लीव्ह हाफवे."

बरोबरच होतं. इथे नवऱ्याची नोकरी संपली की सगळ्या घराचा व्हिसा संपतो.

भारतातल्या साइटचा ओटीपी भारतातल्याच नंबरवर येतो. त्यासाठी इथल्या बहुतेक घरांत एक जुना फोन रिचार्ज करून जिवंत ठेवलेला असतो. आमचा स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, रेंज तिथेच नीट मिळते म्हणून. मी तिथे जाऊन उभी राहिले.

"आला?" तिने बाहेरून विचारलं.

"नाही."

आला होता. सहा आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. तोंडातून 'नाही' कसं निघालं ते मलाच कळलं नाही, आणि एकदा निघाल्यावर मागे घेता येईना.

तिने पुन्हा मागवला. पुन्हा आला. "रेंजच नाहीये गं," मी म्हणाले. अजून थोडा वेळ गप्प राहिलं की खलास, ती इथेच.

दोन वाजून बावीस मिनिटांनी ती दारात आली. चेहरा पांढराफटक. एरवी मला इंग्रजीतच उत्तरं देणारी पोर मराठीत म्हणाली, "आई, शेवटचा चान्स आहे. मी नंबर चुकीचा टाकला का गं? माझीच चूक झाली ना?"

ते मात्र मला ऐकवेना. तिसरा ओटीपी आला तसा मी एकेक आकडा मोठ्याने वाचला. तिने तो भरला. सीट पक्की झाली.

मला वाटलं, आता उडी मारेल, बाबांना मेसेज करेल. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली.

"आई, तू 'नाही आला' म्हणालीस ना," ती म्हणाली, "तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं."