सिंधुबाईंची खुर्ची

खुर्चीचे हात अंजलीने ओल्या फडक्याने पुसले, पाठ पुसली, खाली वाकून पाय पुसले. बैठकीला मात्र हात लावला नाही. तिथे आईची घडी घातलेली शाल होती, शालीवर उघडं पवित्र शास्त्र आणि उघड्या पानावर चष्मा. वाचता वाचता आई चहा ठेवायला उठली होती आणि चुलीपाशीच कोसळली होती. तेव्हापासून सगळं तसंच होतं.

दारात वनिता उभी होती.

"ताई, मग शुक्रवारचं काय सांगू बायकांना?"

"अजून थोडं थांबू."

"थांबता थांबता पावसाळा सरला. बायका माझ्या ओट्यावर जमायल्यात. मागच्या शुक्रवारी गीत सुरू केलं अन् शेजारच्यानं मोटर चालू केली. देवाला त्यातलं काय ऐकू गेलं, त्यालाच ठाऊक."

अंजली हसली नाही. "इथं तरी जागा कुठंय, वनिता?"

वनिताने त्या ऐसपैस खोलीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "येते," म्हणाली आणि गेली.

घाटनांदूरच्या या खोलीत दर शुक्रवारी बायकांची प्रार्थना भरायची. बायका सतरंजीवर, अंजलीच्या आई, गुडघे धरलेल्या सिंधुबाई, खुर्चीत. ख्रिस्ताकडे वळल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, हे अंजलीने अंबाजोगाईच्या कॉलेजात कितीजणांना सांगितलं होतं. आईने देवघरातले देव नव्या कापडात बांधून दिराच्या ओटीत घातले होते. "भावजी, तुमी ह्यांचं मनापासून करता. माझं मन आता एकाकडंच लागलंय. दोन्हीकडं हात जोडले, तर दोघांनाबी फसवल्यावानी होईल." ते सांगताना अंजलीची मान आपोआप ताठ व्हायची.

तेच दीर, बन्सीनाना, दुपारी आले. ती आत चहा ठेवायला गेली आणि कप घेऊन बाहेर आली, तर नाना उघड्या फरशीवर बसलेले.

"नाना, पलंगावर बसा ना."

"आसू दे. हितं बरं हाय."

त्यांनी कोपरीच्या खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. आत अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा होता, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. टाक. नानांच्या घरात गेलेल्या वडीलधाऱ्यांचे असे टाक देवांच्या शेजारी बसवत.

"वहिनीचा केलाय," नाना म्हणाले. "तिनं देव सोडले, पन घर कुठं सोडलं? माझी दोन्ही पोरं तिनंच न्हाऊमाखू घातली. देवघरात बसवावा म्हनतो. पन तुझ्या कानावर घातल्याबिगर कसा बसवू?"

आकृतीला नाक-डोळे धड नव्हते. कुणाचाही टाक असाच दिसला असता. तरी अंजलीची बोटं त्यावर मिटली. मग मूठ उघडून तिने टाक नानांच्या हातात परत दिला.

"नाना, आईला हे पटलं नसतं. तुमच्या मनात तिचा मान आहे, तेवढा पुरे. आमच्यात गेलेल्या माणसाची पूजा नसते. त्याचं स्थानच मांडत नाही आम्ही."

वर्गात शिकवताना लागायचा तसा तिचा आवाज स्वच्छ लागला होता.

नाना गोंधळले. तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. खुर्चीच्या पायाशी शेवंतीची दोन पिवळी फुलं होती.

"आस्सं? मग माझं चुकलंच की. मला वाटलं, तुमच्यात आसं मांडत्यात. आलो तवा फुलं वाहिली, पाया पडलो. वहिनीच्या ठान्यापुढं पलंगावर कसं बसावं, म्हनून खाली टेकलो." त्यांनी फुलांकडे हात नेला. "उचलू का?"

आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर उत्तर देता आलं असतं.

अंजलीने कप खाली ठेवला. मग वाकून फुलं उचलली आणि खिडकीतल्या पाण्याच्या पेल्यात टाकली. चष्मा मिटून त्याच्या डबीत ठेवला. शास्त्र उघडंच उचलून पलंगावर ठेवलं, शाल झटकली आणि नानांच्या खांद्यांवर पांघरली.

"उठा नाना. इथं बसा."

"तिच्या जागी? खुळी का काय!"

"खुर्ची आहे, नाना. गुडघे दुखणाऱ्यासाठी आणलेली."

नाना कडेकडेने टेकले. खुर्ची करकरली, तसे सावरून नीट बसले.

"हिचा एक पाय लंगडा हाय गं."

"पहिल्यापासून."

"वहिनी कदी बोलली न्हाई." त्यांनी टाक तळहातावर उलटासुलटा केला. "मग ह्याचं काय करू?"

"तुमचं घर आहे. तुम्ही ठरवा."

नानांनी विचार केला. "नातीला, मोहिनीच्या पोरीला, पैंजन करायचेत. त्यात घालतो ही चांदी. वाजंल तरी घरभर. वहिनी तरी कुठं गप बसायची?"

अंजली हसली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. मग वनिताला फोन लावला. "उद्या इथंच. सतरंजी आहे माझ्याकडे. साखर तेवढी घेऊन ये, संपलीय."

फोन ठेवून ती पलंगावर बसली आणि शास्त्र मांडीवर घेतलं. पानावर धुळीचा पातळ थर होता. चष्मा होता तेवढाच कागद स्वच्छ राहिला होता.

"कुठवर आलतं तिचं?" नानांनी विचारलं.

"इथपर्यंत."

तिने पानावर फुंकर घातली आणि ते उलटलं.