कारण लिहिलेलं नसेल तर

धाकटीने डॉक्टरांसमोर फाइल उघडली आणि मोकळ्या ओळीवर बोट टेकवलं.

"इथे तुम्ही कारण लिहिलंच नाही."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "हृदयाच्या दोन झडपा खराब होत्या, एवढं लिहिलंय की. कशाने, ते आता कसं सांगणार? जन्मापासून असेल, लहानपणीच्या तापाने असेल." मग फाइलवरचं नाव बघून ते अडखळले. "ही तुमची ताई ना? ही फाइल तुम्ही कशाला घेतलीत?"

कशाला घेतली! हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत धाकटी आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई दिवसभर हेच करायच्या: डॉक्टर लिहितील त्या आजाराला विम्यासाठी पुस्तकातला कोड द्यायचा. ताईची फाइल आली तेव्हा बाई म्हणाल्याही होत्या, "दे इकडे, तुझ्याच्याने होणार नाही." पण गेलेल्या ताईचं शेवटचं काम परक्या हाताने होऊ नये, असं धाकटीच्या मनाने घेतलं. झालं. डोळे पुसत तिने तेव्हा पुस्तक उघडलं होतं. नियम सरळ होता: या दोन झडपा एकत्र बिघडल्या असतील आणि कारण लिहिलेलं नसेल, तर संधिवाती तापाने बिघडल्या असं धरायचं. तिने धरलं. असं ती एरवीही धरायची, चहाचे घोट घेता घेता.

तो कोड विम्याच्या कागदावर शब्दांत छापून घरी गेला. बाबांनी जेवताना मोठ्याने वाचला. मग नको तेवढी चौकशीही केली. लहान मुलाचं घशाचं दुखणं अंगावर काढलं की हा ताप येतो, आणि पुढे हृदयाला धरतो. तेव्हापासून बाबांनी आईशी बोलणं टाकलं आणि आईचं अन्न तुटलं. बाबा तसे वाईट नाहीत, पण लेक गेल्यावर राग कुणावर तरी काढायचा, तर बायको हाताशी होती.

डॉक्टरांना विचारून धाकटी त्या संध्याकाळी घरी आली, तेव्हा आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. चपला काढून ती थेट आईपुढे बसली.

"आई, त्या कागदावरचं खरं धरू नकोस. कशाने झालं ते डॉक्टरांनाही माहीत नाही. मी विचारून आले."

"मग छापलं कसं?"

"माझ्यामुळे. आमचा नियमच आहे, कारण लिहिलेलं नसेल तर तेच धरायचं. कुणीही असलं तरी तेच. तुझा काही दोष नाही गं."

आई चिडेल, वाट्टेल ते बोलेल, असं तिला वाटलं होतं. बोलली असती तर बरंच झालं असतं. आईने पुढची शेंग उचलली.

"तिचे गुडघे सुजले होते," आई म्हणाली. "तू पोटात होतीस तेव्हा. आधी घसा, मग ताप, मग गुडघे. मला वाटलं शाळा बुडवायला सोंग करतेय. माझंच मला होत नव्हतं. दंडाला धरून उठवली तिला आणि पाठवली. लंगडत गेली गं माझी बाय."

धाकटीला या तापाची सगळी लक्षणं तोंडपाठ होती. आता शंकेला जागाच नव्हती. आईकडे बघायचा तिला धीर झाला नाही. तीही शेंगा सोलू लागली.

"बाबांना माहीत आहे?"

"ते तेव्हा बाहेरगावी होते. आणि मी कुठल्या तोंडाने सांगणार?"

दाराची कडी वाजली. बाबा आत आले, दोघींकडे न बघता माठाकडे गेले. आईने हात पुसले.

"मघाचं परत सांग," ती हळूच म्हणाली. "तो नियम."

"त्यांना?"

"त्यांना सांग. मीही ऐकते."

धाकटीने हातातली शेंग खाली ठेवली.

"बाबा, बसा जरा. त्या कागदाबद्दल सांगायचंय. ताईला ते कशाने झालं, कुणालाच माहीत नाही."

बाबा पेला हातात धरून उभेच राहिले. ती सांगत गेली. आई तिच्या तोंडाकडे बघत, मान हलवत, एकेक शब्द ऐकत होती.

"सावकाश सांग," ती मधेच म्हणाली.