तुमीच घ्या हा गण

पंचायत समितीच्या निवडणुकीआधी दोन पक्षांची युतीची बोलणी शिरूर कासारला, शिवशरणअप्पांच्या कापडदुकानाच्या माळ्यावर बसली होती. जागा तटस्थ, अप्पा दोन्हीकडची उपरणी विकतात. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून सतरंजीचा भाव विचारत होतो. तिथून वरचं सगळं ऐकू येतं.

जागा ओढणारे पुढारी मी आयुष्यभर पाहिले. त्या दिवशी मात्र शिरूरशेजारचा एक गण, म्हणजे समितीचा एक मतदारसंघ, दोघंही एकमेकांना आग्रहानं वाढत होते.

“बद्रीनाथराव, तुमी वडीलधारे. हा गण तुमीच घ्या.”

“छे छे! विजयसिंहदादा, तुमचा मान आमी कसा घ्यावा?”

मला काही उलगडेना. “अप्पा, हे असं कावून?”

“माणसंच न्हाईत तिथं. समदी ऊसतोडीला गेलीत. पडायची सीट हाय.”

त्याच पडायच्या सीटसाठी सत्यशीलाबाई सकाळपासून कापडाच्या गठ्ठ्यांजवळ बसून होत्या. मांडीवर उमेदवारीचा अर्ज, पक्षाच्या नावाची जागा कोरी. दोघांपैकी कुणाच्याही पक्षाचा अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म त्यांना चालला असता; फक्त शेवटचा दिवस असल्यानं तो तीनच्या आत समोरच्या तहसीलमध्ये पोचायला हवा होता. अडीचला त्या उठून माळ्यावर गेल्या. मीही सतरंजी सोडून चार पायऱ्या चढलो.

“दादा, कुणाचा का होईना, फॉर्म द्या.”

विजयसिंह हसले. “ताई, मतं कोण टाकणार? चिमण्या?”

“आमचे मालक ऊसतोडीचे मुकादम हायेत. मतदानाच्या आदल्या दिवशी बारा टोळ्या घेऊन येतेत. समद्यांशी बोलणं झालंय.”

विजयसिंह पुढं सरकून बसले. मग बद्रीनाथराव खाकरले.

“तसा हा गण पहिल्यापासून आमचाच.”

“वडीलधारे म्हणलं तर डोक्यावर बसता व्हय?”

सत्यशीलाबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्या खाली आल्या. माझं पेन मागून घेतलं, कोऱ्या जागेत ‘अपक्ष’ लिहिलं, पेन परत दिलं आणि रस्ता ओलांडला.

तीन वाजून दहा मिनिटांनी युती झाली. गण विजयसिंहांना, बदल्यात सभापतिपद बद्रीनाथरावांना. दोघं हसत उतरले, तोच बाई पोचपावती घेऊन दारात.

“अपक्ष?” विजयसिंहांनी विचारलं.

“तीन वाजत आलते, दादा.”

“हरकत न्हाई, पाठिंबा आमचाच!” दोघं एकदमच म्हणाले, आणि दोघांनीही गठ्ठ्यातून आपापल्या रंगाचं उपरणं ओढलं.

बाईंनी पदर सावरला. “अप्पा, मला पांढरं द्या. ऊन लई हाय.”