लाल डोळ्याला टेसी दिसत नाही

मी पॉटी बोलतेय, लहान मुलांना शी-शूला बसवतात ती. हो, तीच. नाक मुरडू नका. माझ्यासारखीवर बसूनच सगळे माणसांत येतात.

प्लास्टिकच्या कारखान्यात माझा जन्म झाला. रंग पिवळाधमक. पहिल्यांदा मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका जुळ्यांच्या घरी गेले. त्यातल्या एकाने मला हेल्मेट म्हणून डोक्यावर घातलं, तेही मी सोसलं. ती मुलं मोठी झाल्यावर घरातल्या जुन्या वस्तू विकायच्या गॅरेज सेलमध्ये मला एका फुटक्या दिव्याशेजारी मांडलं. तिथून जोलीनने मला उचललं.

जोलीनच्या घरात ती, तिची चार वर्षांची लेक टेसी आणि जोलीनचे वडील वर्न, एवढीच माणसं. वर्न गुडघ्यांनी बेजार, त्यांना टेसीमागे धावणं जमत नाही. सगळी भिस्त शाळेवर होती. सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी शाळा सुरू होणार आणि त्याच दिवशी जोलीन पावाच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला रुजू होणार. किती अर्ज केल्यावर मिळालेलं काम ते! पण शाळेचं पत्र स्पष्ट होतं. डायपर चालणार नाही, मुलाला स्वतःचं स्वतः जाता आलं पाहिजे.

जूनमध्ये आम्ही कामाला लागलो. दर खेपेला एक चॉकलेटची गोळी, असं ठरलं. तिसऱ्याच दिवशी टेसीने त्यातली मेख ओळखली. दोन थेंब सोडायचे, गोळी घ्यायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा हजर!

"ही पोरगी वकील होणार बघ," वर्न म्हणाले.

"बाबा, तुम्ही हसू नका हो. अजून चेकाळते ती."

तरी ऑगस्टपर्यंत तिला जमलं. ती मोठ्या कमोडवरही बसायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग एक दिवस शाळेने मुलांना वर्ग बघायला बोलावलं. तिथले कमोड आपोआप फ्लश होणारे. मागे भिंतीत एक लाल डोळा असतो. माणूस उठून गेला असं त्याला वाटलं की तो पाणी सोडतो. टेसी इतकी चिमुकली की ती त्या डोळ्याला दिसलीच नाही. ती बसलेली असतानाच खालून पाणी गर्जत आलं. सगळ्या पालकांदेखत ती किंचाळत, पँट गुडघ्यात घेऊन बाहेर पळाली.

त्यानंतर सगळंच बिघडलं. ती माझ्याकडेसुद्धा फिरकेना. दिवसभर दाबून धरायची आणि मग कधी खुर्चीत, कधी गाडीत, कधी अंथरुणात. शाळेला आठ दिवस उरले, मग पाच. जोलीन चादरी धुऊन धुऊन थकली.

"एवढी घोडी झालीस तू!" एकदा ती ओरडलीच. "काय करू मी तुझं, सांग ना!"

टेसी रडली नाही. हळूच म्हणाली, "त्याला मी दिसले नाही, आई. त्याला वाटलं, तिथे कुणीच नाही."

जोलीन माझ्याशेजारी फरशीवर मटकन बसली. तिने लेकीला कुशीत ओढलं आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. मला हात असता तर मी तिच्या पाठीवर ठेवला असता. इतकी असहाय मी कधीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्न चिकटणाऱ्या कागदांची पिवळी चवड घेऊन आले. घरच्या कमोडमागे भिंतीवर त्यांनी लाल पेनाने डोळा काढला.

"हं, बाईसाहेब. आधी त्याचा डोळा झाकायचा, मग बसायचं."

"तो चिडला तर?"

"चिडेल कशाला? आंधळा झालाय तो. तुझं झालं, पँट वर केलीस, की कागद ओढायचा आणि धूम ठोकायची."

सोमवारी तिने कागद हातातसुद्धा धरला नाही. मंगळवारी लावला, पण बसली नाही. बुधवारी सकाळी जोलीनने बदलीचे कपडे दप्तरात घातले. टेसी चवड खिशात कोंबून गेली. आठ ते तीन मी त्या रिकाम्या बाथरूममध्ये नळाचे थेंब ऐकत कसे काढले, माझं मला ठाऊक.

दार उघडल्याबरोबर वर्ननी विचारलं, "काय गं, पँट तीच ना?"

"तीच!"

"आणि कागद?"

"संपले. त्या वेणीवालीला दिला. रडणाऱ्या मुलाला दोन दिले. त्यांच्याकडेपण तो बघत नव्हता, आजोबा."

जोलीनने दप्तर उघडलं. बदलीचे कपडे घडी न मोडता तसेच होते. अंगावर पीठ, पायांत कामाचे बूट, तशीच ती जिन्यात बसली आणि हसता हसता हुंदके देऊ लागली.

आता मी फुटपाथवर आहे. गळ्यात पाटी आहे, "फुकट". शनिवारी कचऱ्याची गाडी येईल. आज गुरुवार आहे, मला भीती वाटते. घरात लहान मूल असेल तर घेऊन जा हो मला. एक पाय जरा डुगडुगतो, पण बाकी मी धड आहे. मी गर्जत नाही, घाई करत नाही. मूल आपणहून उठेपर्यंत मी थांबते.