जित्या माणसाचा चिरा

मैनाने धाकट्या लेकीचं, किशोरीचं लग्न वैशाखात लावून दिलं, ते साल दोन हजार बावीस. मांडव उतरला, पाऊस येऊन गेला, भातं कापून झाली, आणि दिवाळी सरल्यावर पनवेलजवळच्या नेऱ्याहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला वाडीची चित्रं उभी राहिली.

ही कल्पना अरुंधतीबाईंची. बाई खारघरच्या एका कॉलेजात चित्रकला शिकवायच्या आणि मुलींना घेऊन अधूनमधून वाडीत यायच्या. लग्नासाठी मैनाने घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने चित्रं काढली होती, ती बाईंनी पाहिली आणि तिथेच बसकण मारली.

"मावशी, हे घरात कोण बघणार? रस्त्यावर मांडू. रविवारी एवढ्या गाड्या फार्महाऊसला जातात, लोकांना कळू दे इथे कोण राहतं ते."

मग घराघरात पत्रे आले. त्यांना गेरूसारखा लाल रंग दिलेला होता आणि वर काढायला पांढऱ्या रंगाचे डबे होते. ज्याला जे येईल ते त्याने काढायचं. मैनाचा चुलत दीर काळूराम वाडीतला कारभारी माणूस. त्याने बैलजोडी काढली.

"शेळ्या चांगल्या काढल्यास," मैनाचा नवरा विठू त्याला म्हणाला.

"तू गप. तुझी बायको काढते म्हणून तुला तोंड फुटलंय."

मैनाने काढलं ते विठूलाच. विठू आयुष्यभर डोंगरातून कारवी तोडून आणायचा आणि लोकांच्या घरांचे कूड विणून द्यायचा. तिने त्याच्या डोक्यावर कारवीचा भारा दिला, कमरेला कोयता लावला. नाकडोळे काही काढले नाहीत. पण डावा खांदा असा उतरता काढला की पोरंसुद्धा ओळखून हसली. पत्रा जमिनीवर आडवा टाकून ती चारी बाजूंनी सरकत काढत होती. काढून झाल्यावर बाईंच्या मुलींनी त्यावर वॉर्निश मारलं आणि पत्रा टेम्पोत घालून नेला.

चित्रं उघडी करायच्या दिवशी मैना नवं लुगडं नेसून रस्त्यावर गेली. वळणावर, ऐनाच्या झाडाखाली, सगळ्यांत पुढे तिचाच पत्रा लावला होता. तिने वर पाहिलं आणि तिला तिचा बाप आठवला.

मैनाचा बाप चिरे घडवायचा. वाडीत कुणी मेलं की त्याच्या नावाचा दगड रस्त्याच्या कडेला उभा करायचा, त्यावर त्याची आकृती कोरायची, जवळ त्याचं हत्यार द्यायचं आणि डोक्यावर एका अंगाला सूर्य, दुसऱ्या अंगाला चंद्र. हा चिरा. चंद्रसूर्य आहेत तोवर हा माणूस विसरायचा नाही, असा त्याचा अर्थ. बापाला मुलगा नव्हता, म्हणून छिन्नी मैनाच्या हाती आली. तो तिला आधी चंद्रसूर्य काढायला लावायचा. त्या दोघांच्या मध्ये माणूस बसवला की दगडावर माप चुकत नाही. आणि एक गोष्ट त्याने बजावून सांगितली होती: जित्या माणसाचा चिरा काढायचा नाही. चिऱ्याला कुंकू लागलं, हार पडला, नारळ फुटला की तो जागा होतो, आणि मग आपला माणूस मागतो.

पत्र्यावर हात ठेवला तेव्हा मैनाच्या हाताने आधी चंद्रसूर्य काढले होते. हाताला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. आडव्या पत्र्यावर ते तिला जाणवलं नाही. आता पत्रा उभा होता, रस्त्याच्या कडेला, आणि त्यात तिचा नवरा उभा होता.

थांबवावं तर का ते सांगावं लागणार. नवऱ्याचा चिरा मीच काढला, हे चारचौघांत, त्याच्या तोंडावर, कसं सांगायचं? तेवढ्यात पनवेलहून आलेल्या एका बाईंनी हळदकुंकवाची कुयरी काढली आणि पत्र्याला बोट लावलं. पाठोपाठ कुणीतरी झेंडूचा हार घातला. मैना नारळ घेऊन उभ्या असलेल्या काळूरामकडे सरकली.

"भावजी, नारळ हितं नको. तुमच्या बैलांपाशी फोडा."

"शेळ्यांपाशी कोण नारळ फोडतं?" काळूराम म्हणाला. सगळे हसले. त्याने ऐनाच्या मुळाशी दगडावर नारळ आपटला. पाणी उडून मैनाच्या पायांवर आलं. ते गार लागलं.

विठू फोटोसाठी पत्र्याखाली जाऊन उभा राहिला. "आता मी मेलो तरी गाडीवाले मला बघत जातील," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मैनाने विठूला नजरेआड होऊ दिलं नाही. विठू खोकला की तिचा हात थांबायचा. तो ओढ्यावर गेला की ती हंडा घेऊन मागोमाग. भारा बांधायचा वेल काढायला ती त्याला झाडावर चढू देईना, रस्त्याने चालला तर त्याला आतल्या अंगाला घेऊन आपण गाड्यांच्या बाजूने चालायची. तांदळाच्या कणगीत तिने त्याचा कोयता लपवला.

"लगीन लेकीचं झालं," विठू म्हणाला, "आन नव्या नवरीवानी माझ्या मागं तू का फिरतेस?"

"काय नाय. घरात करमत नाय."

एका दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा ती ओलं फडकं घेऊन गेली. पुसून पुसून फडकं फाटलं, पण वॉर्निशखालचा चंद्र हलेना. मग तिने विळ्याने सूर्य खरवडायला घेतला. अर्धा निघाला. वळणापलीकडे गाडीचा आवाज आला आणि ती झुडपांतून घरी पळाली. वाटेत तिला वाटलं, अर्धा तरी गेला, अर्धी भीती गेली.

पुढच्या आठवड्यात अरुंधतीबाई आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. वाडी गोळा झाली.

"फार्महाऊसवरची पोरं असणार. पिऊन येतात," काळूरामने निकाल दिला.

"मावशी, तुम्ही अजिबात वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून स्वतः ब्रश घेऊन बसल्या. त्यांनी मैनाचा सूर्य मैनाच्याच रेषेवरून पुन्हा काढला. किरणं मोजून तेवढीच काढली. मैना शेजारी उभी होती.

"बाई, तो सूर्य राहू द्या. नको तो."

"का? तोच तर सगळ्यात सुंदर आहे."

विठू दोन हातांच्या अंतरावर उभा होता, डबा धरून. मैना त्याच्याकडे बघून म्हणाली, "उगाच. तुमाला तरास."

"त्रास कसला? बघा, पहिल्यापेक्षा उठून दिसतोय." बाईंनी वर वॉर्निशचे दोन हात दिले.

पौषात मैना पाण्याला गेली असताना विठूला तांदूळ काढताना कोयता सापडला. ती परत आली तर कणगीचं झाकण बाजूला आणि घर रिकामं. शेजारणीने सांगितलं, तो डोंगराला गेला, हसत गेला.

मैना अंगणात बसून राहिली. ऊन कलायला लागलं तरी तो आला नाही. उतरणीचा कडा, सुकलेलं गवत, त्यावरून सटकणारा पाय, एवढंच तिला दिसत होतं. शेवटी ती उठली. डोंगराची पायवाट वाडीच्या खाली रस्त्याला मिळते, म्हणून ती रस्त्याने निघाली. जाताना जुने चिरे लागले. बापाने घडवलेले, तिने हात लावलेले. तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडून मान फिरवली.

वळणावर पत्र्याखाली माणूस बसलेला होता. पाय पसरलेले, पाठ खांबाला, मान छातीवर पडलेली. डाव्या खांद्याचा उतार तिने लांबूनच ओळखला. कारवीचा भारा बाजूला सुटून पडला होता. वर सूर्य आणि चंद्र, आणि वाळलेल्या हाराचा दोरा.

जवळ जायला पाय उचलेना. तिने हाक मारली. "किशोरीचा बापूस." माणूस हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग लग्नापासून जे कधी तोंडातून काढलं नव्हतं ते बाहेर पडलं.

"विठू. विठू रे."

मान हळूच वर आली.

"नाव घ्यायला उखाणा लागतो, मैने," विठू म्हणाला.

ती धपकन त्याच्या पायाशी बसली. त्याचा घोटा सुजून टम्म झाला होता. गवतावरून घसरला, लंगडत खाली आला, गाडीची वाट बघत बसला आणि डोळा लागला, एवढंच झालं होतं. मैना त्याचा पाय धरून रडली आणि सगळं बोलून गेली: चंद्रसूर्य, बापाची ताकीद, कुंकू, हार, नारळ, विळा.

विठू वर बघत राहिला. "मला ठाव हाय," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्या बापाचे चिरे मी बी बघितलेत. पयल्याच दिशी वळखलं. तवापासून मला बी झोप नाय. म्हटलं, तू बोलत नाय तर आपन कशाला बोला, तू भ्याशील."

"आन तरी फोटोला उबा रायलात?"

"पाय थरथरत होते. फोटोत दिसत नाय ते."

इतके दिवस ती एकटीच्या जिवाने भ्याली होती. आता कळलं की एका चुलीशी बसून दोघं भीत होती, आणि त्याचं भय तिला आपल्यापेक्षा मोठं दिसलं. ते पुसायला फडकं चालणार नव्हतं.

"जोडीचा चिरा, नवराबायकोचा, कुनाला मागत नाय," ती म्हणाली. "बा सांगायचा."

बापाने असं कधीच सांगितलं नव्हतं. जोडीचा चिरा दोघांनाही मागतो, एकामागोमाग, असंच तो म्हणायचा.

"खरं?"

"खरं."

दुसऱ्या दिवशी घोट्याला हळद बांधून विठू डबा धरून बसला आणि मैनाने पत्र्यावर चंद्राखालच्या मोकळ्या जागेत एक बाई काढली. लुगड्याचा काष्टा, डोक्यावर पेजेचं मडकं. मडकं जरा वाकडं आलं. विठूने बघितलं आणि म्हणाला, "सांडशील." त्या रात्री तो घोरत झोपला. मैना जागी होती.

पुढच्या वेळी अरुंधतीबाई आल्या आणि चित्र पूर्ण झालं म्हणून त्यांना फार बरं वाटलं. पत्रा अजून वळणावर आहे. मडक्याखालच्या बाईचा रंग उडाला की विठू तो भरतो, आणि भादव्यातल्या अमावास्येला पत्र्यापुढे पानात भात ठेवतो. वाडीने वेगळा दगड उभा करायचं म्हटलं, तर त्याने करू दिला नाही.

मैना दोन हजार चोवीस सालच्या माघात, तापाने वारली.